प्रतिसाद : ड जीवनसत्त्व आणि रुग्णालयातला डेलिरियम

खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होताच ज्येष्ठांना ड जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिला तर डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा मानसिक गोंधळ, टळेल, अशी एक सूचना आहे. या सूचनेमागे आधार आहे, पण तो थोडा वेगळा आहे. आजारपणात शरीरात होणाऱ्या दाहामुळेही (इन्फ्लमेशन) रक्तातले ड जीवनसत्त्व घटते. त्यामुळे दाखल झाल्यावर आलेला कमी आकडा हे कारण की परिणाम, हे त्या तपासणीवरून ठरत नाही. म्हणूनच यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या लोकांच्या आरोग्य आणि जनुकांच्या माहितीसाठ्यावर 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला मोलाचा वाटतो. ड जीवनसत्त्वाची पातळी जन्मतःच ठरवणारे जनुकीय फरक त्यात तपासले होते, आणि ज्यांची पातळी जनुकांमुळेच जास्त, त्यांच्यात डेलिरियमचा धोका कमी आढळला. हा मात्र आयुष्यभराच्या पातळीचा परिणाम आहे. आपल्याकडे सर्रास मिळणारी 60,000 युनिटची पुडी दुधातून दिली, तरी यकृत आणि मूत्रपिंडात रूपांतर झाल्यावरच ती कामी येते. एका रात्रीत मेंदू सावरेल अशी अपेक्षा ठेवू नये. कमतरता असल्यास ती हाडांसाठी भरून काढावीच, शक्यतो ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या बऱ्याच आधी.

वॉर्डातले उपाय अधिक भरवशाचे आहेत. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या 1999 च्या अभ्यासात चष्मा, श्रवणयंत्र, पुरेसे पाणी, शांत झोप आणि रुग्णाला लवकर चालवणे अशा उपायांनी डेलिरियमचे प्रमाण 9.9 टक्के राहिले, तर नेहमीचीच काळजी घेतलेल्या रुग्णांमध्ये ते 15 टक्के होते. आजी बरळत नाहीत, नुसत्या गप्प पडून आहेत, हाही डेलिरियम असू शकतो. नातेवाइकांनी ते परिचारिकेला लगेच सांगावे.