प्रवाळावरचा व्हिब्रिओ जीवाणू: १६एस जनुक ९८.९ टक्के जुळतो, तरी नवी प्रजाती असू शकते का?

प्रश्न:
मालवणच्या पोराइटिस प्रवाळाच्या श्लेष्म्यातून (वन खात्याची परवानगी घेऊन) व्हिब्रिओची एक स्ट्रेन (शुद्ध वाण) वेगळी केली आहे. जीवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाचे २७एफ आणि १४९२आर प्रायमर (जनुकाची प्रत काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून, सँगर पद्धतीने सुमारे १४०० बेस (डीएनएची अक्षरं) वाचले. सर्वांत जवळच्या टाइप स्ट्रेनशी (प्रजातीचा अधिकृत नमुना) साम्य ९८.९ टक्के. प्रजाती वेगळी धरण्याची मर्यादा ९८.७ ची, म्हणजे ही जुनीच प्रजाती धरायची का? शिवाय एपीआय २०एनई या तयार जैवरासायनिक चाचण्यांच्या पट्टीवर जवळपास सगळंच निगेटिव्ह येतंय.

उत्तर १:
नाही, इतक्यावर जुनी धरू नका. साम्य ९८.७ च्या खाली असेल तर प्रजाती बहुधा वेगळी. वर असेल तर काहीच ठरत नाही. व्हिब्रिओत ९९ टक्क्यांपुढे साम्य असलेल्या प्रजातीही वेगळ्या निघालेल्या आहेत.

आधी क्रोमॅटोग्राम (सँगर वाचनाचा शिखरांचा आलेख) नीट पाहा. एकाच जागी दोन शिखरं दिसली तर दोन शक्यता: कल्चर मिसळलेलं आहे, किंवा जीनोममधल्या १६एसच्या अनेक प्रती एकमेकींहून किंचित वेगळ्या आहेत. एकेका वसाहतीवरून तीनदा स्ट्रीक करा (नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरवा) आणि मगच पुढे जा. पूर्ण जीनोम किमान ५० पट कव्हरेजने (प्रत्येक बेस सरासरी ५० वेळा वाचून) करून घ्या. नवी प्रजाती म्हणायला टाइप स्ट्रेनशी एएनआय (दोन जीनोमांतलं सरासरी साम्य) ९५–९६ टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल डीडीएच (डीएनए-डीएनए संकराचा संगणकी अंदाज) ७० टक्क्यांच्या खाली हवं. तुलना टाइप स्ट्रेनच्याच जीनोमशी करा. डेटाबेसमध्ये चुकीच्या नावाने पडलेले जीनोम आहेत. जीनोममधला १६एस तुमच्या सँगरच्या वाचनाशी जुळतो ना, हेही तपासा. नळ्यांची अदलाबदल तिथेच पकडली जाते.

घाई का नको, याचं उदाहरण प्रवाळातलंच आहे. ऑक्युलिना पॅटागोनिका या प्रवाळाच्या विरंजनाशी (रंग उडून पांढरं पडण्याशी) जोडलेला जीवाणू व्हिब्रिओ शिलोई या नावाने जाहीर झाला, पण तो आधीच वर्णन झालेला व्हिब्रिओ मेडिटेरॅनीच निघाला.

उत्तर २:
पट्टीचा घोळ मिठाचा आहे. पट्टीसोबत येणाऱ्या ऑक्स (AUX) माध्यमात सागरी जीवाणूला पुरेल इतकं सोडियम नसतं, म्हणून वाढच होत नाही आणि ते निगेटिव्ह वाचलं जातं. ०.८५ टक्के सलाइनऐवजी २ टक्के मिठाचं पाणी किंवा कृत्रिम समुद्रजल घ्या, ऑक्समध्येही तेवढंच मीठ घाला. २८ अंशांवर ठेवून २४ आणि ४८ तासांनी वाचा. जवळच्या प्रजातीची टाइप स्ट्रेन त्याच दिवशी, त्याच माध्यमावर शेजारी लावा. पेशींतली फॅटी ॲसिडं मोजतानाही तसंच, कारण तापमान आणि माध्यम बदललं की प्रमाणं बदलतात.

मिठाची सहनशक्ती मोजताना मरीन ब्रॉथ २२१६ या तयार सागरी माध्यमामध्ये मीठ घालत बसू नका. त्यात लिटरला १९ ग्रॅमहून जास्त सोडियम क्लोराइड आधीच असतं, त्यामुळे ‘० टक्के’ची नळी खरी शून्य नसतेच. मीठ सोडून बाकीचे क्षार घालून माध्यम स्वतः बनवा.

प्रश्नकर्ता:
स्ट्रेन एकच आहे. नाव देता येईल?

उत्तर ३:
नियमाने येतं, पण आणखी दोन-तीन स्ट्रेन मिळाल्या तर वर्णन भक्कम होतं. शेजारचं समुद्राचं पाणीही त्याच माध्यमावर लावा. तिथेही हाच जीवाणू तितकाच निघाला, तर तो प्रवाळाचा रहिवासी आहे असा दावा करू नका.

टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत, विनाअट उपलब्ध राहील अशी जमा करावी लागते. एक संग्रह पुण्यातलं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र घेता येईल. परदेशी पाठवण्यासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडची प्रक्रिया आजच सुरू करा; जीनोम हातात येईपर्यंत थांबलात तर पुढे सगळं तिथेच अडकतं. तोवर स्ट्रेन २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांवर, दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवा. ग्लिसरॉल समुद्रजलात बनवा, साध्या पाण्यात नाही.