जुन्या गोव्याच्या सहलीत गुलामांच्या बाजाराविषयी मुलांना कसे सांगावे?

प्रश्न (शिक्षिका, फोंडा):
पुढील महिन्यात आठवीच्या मुलांना जुने गोवे दाखवायला नेणार आहोत. गेल्या वर्षीच्या गाइडने से कॅथेड्रल, बॉम जेझस बासिलिका आणि व्हाइसरॉयची कमान यांची माहिती मन लावून सांगितली. मात्र कमानीतून शहरात शिरणाऱ्या रुआ दिरैता या रस्त्यावर माणसांचा लिलाव होत असे, याविषयी तो अवाक्षरही बोलला नाही. एका मुलीने मला विचारले, "बाई, एवढे दगड कोणी वाहिले असतील?" मला उत्तर देता आले नाही आणि ते अजून डाचते. या वयाच्या मुलांना हे सांगावे काय, आणि सांगायचे तर कोठे उभे राहून?

उत्तर (गाइड, पणजी):
बाई, अवश्य सांगा, आणि कमानीपाशीच सांगा. बस दोन तास थांबते आणि चर्च पाहण्यातच वेळ संपतो, म्हणून आम्ही गप्प राहतो. पण हे कारण पुरेसे नाही, हे मी मान्य करतो. १५८३ मध्ये आर्चबिशपचा चिटणीस म्हणून गोव्यात आलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशाने या रस्त्यावरील लिलावाचे वर्णन केले आहे: रविवार आणि सणवार वगळता रोज सकाळी अरबी घोडे, सोन्याच्या साखळ्या, गालिचे आणि त्यांच्याच रांगेत स्त्री-पुरुष गुलाम विकले जात. मोझांबिकहून जहाजे याच मांडवीच्या धक्क्याला लागत. मुलांना आधी नदी दाखवा, मग कमान आणि मग तो रस्ता चालू द्या. मलिक अंबर त्यांना पाठ्यपुस्तकातून ठाऊक असेल. तोही आफ्रिकेतून गुलाम म्हणूनच दख्खनेत आला होता, एवढे सांगितले तरी तो लिलाव त्यांना परका वाटणार नाही.

उत्तर (मडगाव):
हातकातरो खांबापाशी मात्र सावध राहावे. तेथे इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाने, हात तोडले, असे सरसकट सांगितले जाते. परंतु असा खांब, म्हणजे पेलोरिन्यो, पोर्तुगीज नगरांत जाहीर शिक्षेसाठी उभारलेलाच असे. इन्क्विझिशन १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षे वगळता, चालले आणि त्याचा वाडा कॅथेड्रलजवळ होता. या दोन गोष्टी मुलांसमोर वेगळ्या ठेवाव्यात. गुलाम बाळगणारे केवळ पोर्तुगीजच होते, असेही मुलांच्या मनावर ठसू नये.

उत्तर (कारवार):
गोव्यातून पळालेल्या गुलामांपैकी काही जण घाट ओलांडून उत्तर कन्नडच्या रानात शिरले. यल्लापूर आणि हल्याळच्या परिसरातील सिद्दी हे अंशतः त्यांचेच वंशज आहेत आणि त्यांच्या घरांत आजही कोकणीचीच एक बोली बोलली जाते. त्या मुलीला हेही अवश्य सांगावे, कारण ज्यांची विक्री झाली त्यांची कहाणी त्या रस्त्यावर संपलेली नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर:
सर्वांची मी ऋणी आहे. यंदा बस धक्क्याकडे थांबवून कमानीतून पायीच आत जाऊ आणि बासिलिका शेवटी पाहू. त्या मुलीला मी कमानीपाशी माझ्याजवळ उभी करीन.