इंदूर-दिल्ली-लंडन तिकीट: पहिला टप्पा सोडला तर चालतं का? मदत हवी आहे

भुसावळकर:
राम राम मंडळी. डिसेंबरात आम्ही चार मोठी माणसं लंडनला जाणार. इंदूर-दिल्ली-लंडन जाऊन-येऊन तिकीट नुसत्या दिल्ली-लंडनपेक्षा स्वस्त दिसतंय. भुसावळहून दिल्लीला थेट गाड्या आहेत, तर इंदूर गाळून दिल्लीतच विमानात चढता येईल का? शिवाय एकाचं भाडं शोधलं की कमी, चौघांचं शोधलं की माणशी जास्त. असं का?

तापीकाठ:
भाऊ, इंदूरचा टप्पा अजिबात सोडू नका. रेल्वेत बोर्डिंग स्टेशन बदलता येतं, तसं इथे नसतं. प्रत्येक टप्प्याचं एक कुपन असतं आणि ती क्रमानेच वापरावी लागतात. इंदूरला नो-शो (न कळवता गैरहजर) लागला की पुढचे टप्पे, परतीचेसुद्धा, रद्द होतात. आधी कळवून दिल्लीपासून तिकीट करून घेता येईल, पण दिल्ली-लंडनचं त्या दिवशीचं भाडं आणि बहुधा वर बदलाचं शुल्क भरावं लागेल. इंदूर-लंडन भाडं म्हणजे दोन टप्प्यांची बेरीज नव्हे, ते स्वतंत्र ठरलेलं असतं.
रेल्वेनेच जायचं तर पहिल्यापासून दिल्ली-लंडन काढा. डिसेंबरात उत्तरेत धुकं असतं, त्यामुळे आदल्या दिवशीच दिल्ली गाठा. गाडी उशिरा आल्याने विमान चुकलं तर विमान कंपनी जबाबदार नसते.

साक्रीकर:
माणशी भाड्याचं कारण: इकॉनॉमीच्या त्याच खुर्च्या वाय, एम, के, क्यू अशा अक्षरांच्या भाडेवर्गांत वाटलेल्या असतात. स्वस्त वर्गात दोनच जागा उरल्या असतील, तर सिस्टीम साधारणपणे चौघांनाही वरच्या वर्गाचं भाडं लावते. 1, 2, 3, 4 अशी माणसं वाढवत शोधा. भाडं जिथे उडी मारतं तिथे माणसं विभागून वेगवेगळी तिकिटं काढा. तुमच्याकडे बहुधा 2 + 2. मात्र पीएनआर दोन होतील. विमान रद्द झालं तर दोन जोड्या वेगळ्या विमानांत जाऊ शकतात, म्हणून कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांत नोंदवून घ्या.

भुसावळकर:
एजंटने सहा अक्षरी पीएनआर पाठवलाय. म्हणजे तिकीट पक्कं ना?

तापीकाठ:
नाही. पीएनआर म्हणजे फक्त आरक्षण. पैसे भरून तिकीट निघालं की माणशी 13 आकडी तिकीट क्रमांक येतो. तो नसेल तर मुदत संपताच आरक्षण आपोआप सुटतं. आजच चौघांचे चार क्रमांक मागा, आणि नावं पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. भाडेनियमही लेखी घ्या: रद्द केल्यास किती कापणार, तारीख बदलल्यास किती, नो-शोला किती, तिन्ही वेगळं. 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी डीजीसीएच्या (भारताच्या विमान वाहतूक नियामकाच्या) नियमाप्रमाणे न वापरलेल्या तिकिटावरचे विमानतळाचे कर परत मिळतात, ते मागून घ्या.