मदत हवी आहे : सासनकाठीपुढच्या दिवंगत वादकांची माहिती

नमस्कार मंडळी. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठीपुढं, म्हणजे गावोगावहून नाचवत नेतात त्या उंच सजवलेल्या काठीपुढं, हलगी, घुमकं, कैताळ, सनई वाजवणारे आपल्या भागातले जुने वादक एकेक करून गेले. शाहू महाराजांनी आश्रय दिलेल्या गायक अल्लादियाँ खाँसाहेबांची आठवण कोल्हापूर ठेवतं, ठेवायलाच हवी. पण जाळावर हलगी शेकून, कानाजवळ धरून टिचकीनं नाद बघणाऱ्या या माणसांची साधी नावंसुद्धा आम्हाला कुठं लिहिलेली सापडत नाहीत. चैत्र पौर्णिमेआधी नाव, गाव, वाद्य आणि कुणाच्या हाताखाली शिकले, एवढं तरी नोंदवायचंय.

कुणाकडं फोटो, कॅसेट असतील तर कळवा. आमच्याकडच्या सनईच्या कॅसेटच्या फितीला बुरशी आलीय. न तोडता साफ करून देणारं कोल्हापुरात कुणी आहे का? नावं मात्र घरच्यांना विचारूनच द्या.