रोटवाइलच्या फास्नेटला पाच वर्षांच्या लेकीला न्यावं का?

मेघना_श्टुटगार्ट: नमस्कार मंडळी. यंदा फास्नेटच्या (इथल्या कार्निवलच्या) सोमवारी रोटवाइल गावचा नारेनश्प्रुंग, म्हणजे मुखवटेवाल्या सोंगांची मिरवणूक, बघायचाच असं ठरवलंय. पण ऑफिसमधले लोक म्हणतात, लहान मुलं त्या मुखवट्यांना फार घाबरतात. लेकीला परीचा फ्रॉक घालायचाय. चालेल ना? आणि पोचावं किती वाजता?

नेकारकाठ: सकाळी आठला सुरू होतं, साडेसातच्या आत जागा धरा. दोन-दोन मोजे घाला, उभं राहून पाय गारठतात.

सुमेधाकाकू: मेघना, अगं जरूर ने. आम्ही नऊ वर्षं जातोय. फ्रॉकला कोण काही म्हणत नाही, आत गरम कपडे घाल म्हणजे झालं. मोठ्यांनी मात्र मिरवणुकीतल्या सोंगांसारखा वेष करून जाऊ नये. त्या वेषाला रोटवाइलमध्ये 'नारेनक्लाइड' म्हणतात, तो घराघरांत पिढ्यान्पिढ्या जपलेला असतो. मुखवटे लाकडात कोरलेले. कोलोनच्या कार्निवलसारखं 'आलाफ' तर अजिबात ओरडू नका, इथे 'हु-हु-हु' म्हणतात.

उभं राहायचं ते काळ्या वेशीच्या, म्हणजे श्वार्त्सेस टोरच्या खालच्या उतारावर. आठचे ठोके पडतात आणि मंडळी वेशीतून बाहेर येतात. गर्दीत आधी काही दिसत नाही, नुसती घुंगरं ऐकू येतात. ती ग्शेल नावाच्या सोंगाची. चित्रं रंगवलेले पांढरे कपडे आणि खांद्यावरून जाड पट्ट्यांना लावलेली मोठाली घुंगरं. प्रत्येक उडीला सगळी एकदम वाजतात, माझ्या तर छातीत धडधडतं.

घाबरायचं म्हणशील तर फेडेराहान्नेस या सोंगाला. अंगभर पिसं, बाहेर आलेले सुळे, हातात लांब काठी. काठीवर जोर देऊन तो उंच उडी मारतो. माझा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा हा नेमका त्याच्यापुढे थांबला आणि काठीच्या टोकाची वासराची शेपटी त्याच्या गालावरून फिरवली. पोरगं किंचाळून माझ्या कोटात शिरलं. मलाही राग आला होता, खरं सांगते. तो मात्र हलला नाही. गुडघ्यावर बसला, मुखवटा तसाच (रस्त्यात ते काढत नाहीत), आणि हात पुढे केला. तळहातावर एक गोड गोळी. मुलाने कोटातून फक्त बोटं बाहेर काढून ती उचलली. त्यानंतर दरवर्षी तोच आधी विचारतो, फेडेराहान्नेस कधी येणार?

तेव्हा तिला आधीच फोटो दाखव, खांद्यावर न घेता हात धरून उभी कर. घाबरली तर दोन पावलं मागे ये, पण लगेच घरी नेऊ नकोस.

मेघना_श्टुटगार्ट: काकू, आजच फोटो दाखवले. सोमवारी सुट्टी मिळेलसं वाटत नाही, मंगळवारी गेलं तर?

सुमेधाकाकू: मंगळवारी सकाळी आठला असतोच, शिवाय दुपारी दोनलाही निघतो. लहानग्यांना दुपारचा बरा.