‘नॅपिंग’ला मराठीत काय म्हणावं? फोडणं, तासणं की कपच्या काढणं?

शनिवारी रात्री बाबांचा फोन आला. नेहमीसारखं विचारलं, “आज काय केलंस?” मी म्हटलं, “दगड फोडले.” ते म्हणाले, “फोडलेस? खडी टाकायची आहे का अंगणात?”

मी ऑस्टिनजवळ राहते, टेक्सासमध्ये. गेले सात महिने दगडाची बाणाची टोकं करायला शिकते आहे. इथल्या एडवर्ड्स पठाराच्या चुनखडीत चर्ट नावाचा राखाडी-तपकिरी दगड मुबलक मिळतो आणि माणसं फार पूर्वीपासून त्याची हत्यारं करत आली आहेत. शहराच्या उत्तरेला गॉल्ट म्हणून जागा आहे. तिथल्या उत्खननात क्लोव्हिस काळातली, म्हणजे सुमारे १३,००० वर्षांपूर्वीची हत्यारं निघाली. आमच्याकडे शनिवारी आठ-दहा जण एका शेडखाली जमतात आणि या कामाला सगळे ‘नॅपिंग’ म्हणतात. बाबांना मराठीत सांगायला गेले की माझ्याकडे क्रियापदच नसतं.

हा नुसता भाषेचा हट्ट नाही. पहिले दोन महिने माझ्या तोंडात ‘फोडणं’ होतं आणि हातातही तेच होतं. मी जोर लावायचे आणि दगडाचे दोन तुकडे व्हायचे. प्रत्यक्षात काम असं चालतं: डाव्या मांडीवर जाड चामडं, त्यावर तळहाताएवढा चपटा तुकडा धरायचा. त्याची धार आधी खरखरीत दगडावर घासून मुद्दाम बोथट करायची. पातळ धारेवर घाव बसला तर ती नुसती चुरते, घाव आत जात नाही. मग त्या घासलेल्या कडेवर, मध्यरेषेच्या जरा खाली, गोल गोट्याने किंवा हरणाच्या शिंगाने निसटता घाव घालायचा. घाव वरून पडतो आणि तुकडा सुटतो तो खालच्या अंगाने, जिथे नजर पोचत नाही. दगड उलटून बघितल्यावरच कळतं काय निघालं ते. घाव बसतो तिथला कोन काटकोनापेक्षा कमी हवा. तो जास्त असेल तर कितीही मारा, काही सुटत नाही. आणि चिडून जोर वाढवला की दगड मधोमध दुभंगतो.

हे ‘फोडणं’ नाही. ‘तासणं’ही मला पटत नाही, कारण तासताना हत्यार पृष्ठभागावरून सरकत जातं, सुताराच्या वाकसासारखं. इथे हत्यार कडेला थांबतं आणि पुढचा प्रवास दगडाच्या आतून होतो. मला सध्या ‘कपच्या काढणं’ बरं वाटतं आहे. तुम्हाला काय वाटतं? शिवाय ‘फ्लिंट’ला, म्हणजे चर्टच्याच जातीच्या दगडाला, काय म्हणायचं, निघालेल्या तुकड्याला काय, उरलेल्या दगडाला काय, आणि शेवटी जे तयार होतं त्याला ‘बाणाचं टोक’ सोडून जवळचा शब्द आहे का?

प्रतिसाद

‘फ्लिंट’बद्दल आधी बोलतो, कारण त्या शब्दाने मला एक अख्खी सुट्टी खर्ची घालायला लावली. शब्दकोशात बघितलं तर ‘गारगोटी’. मी सिन्नरकडचा. आमच्याकडे गारगोट्यांना काय तोटा? पांढऱ्याशुभ्र गोट्यांचं पोतं भरून आणलं आणि चार दिवस ठोकत बसलो. एकही धड तुकडा निघाला नाही. पांढरी गारगोटी बहुधा दूधी क्वार्ट्झची असते. तिच्या आत बारीक भेगा आणि मोठे स्फटिक असतात, त्यामुळे घाव सरळ जात नाही, वाटेत अडखळतो आणि साखरेसारखा चुरा होतो. फ्लिंट आणि चर्ट हेही सिलिकाचेच, पण त्यांचे कण इतके बारीक की घाव काचेतून जावा तसा जातो.

म्हणून ‘फ्लिंट’ला ‘गारगोटी’ म्हणणं शिकणाऱ्याची दिशाभूल करणारं आहे. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये फ्लिंट मिळत नाही. पण लाव्हा थिजताना त्यात राहिलेल्या पोकळ्या पुढे सिलिकाने भरल्या आणि त्यातून कॅल्सिडनी, अकीक, जॅस्पर हे दगड तयार झाले. बेसाल्ट झिजतो, हे कठीण गोळे तसेच उरतात आणि गोदावरी, भीमा, घोड यांच्या वाळूगोट्यात सापडतात. आपल्या मातीतलं फ्लिंटचं काम याच दगडांनी केलं. तेव्हा मी तर ‘अकीक’ आणि ‘कॅल्सिडनी’ असंच म्हणेन, आणि तुमच्या दगडाला ‘चर्ट’. ‘हिऱ्यापोटी गारगोटी’ म्हणतात ती गारगोटी तिच्या जागी राहू दे.

प्रतिसाद

‘चकमक’ कसा वाटतो? तो तर आपल्या बोलण्यातलाच शब्द आहे.

प्रतिसाद

चकमक हा मुळात तुर्की शब्द, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. तुर्कीत ‘चाकमाक’ म्हणजे घाव घालणं, ठिणगी पाडणं. म्हणजे शब्दाच्या पोटात आग आहे, धार नाही. आपण चकमक म्हणतो तेव्हा दगड, पोलाद आणि कापूस असा सगळा संच डोळ्यापुढे येतो. लढाईतल्या चकमकीतही ठिणग्या उडण्याचाच अर्थ आहे. बाणाच्या टोकासाठी मी तो वापरणार नाही.

आता तुकड्याबद्दल. इथे मराठी इतकी श्रीमंत आहे की हात कुठे घालावा कळत नाही. ढलपी लाकडाची, कुऱ्हाडीखालून उडते ती. टवका कपबशीचा, बरणीचा, भिंतीच्या रंगाचा. तो आपण काढत नाही, तो उडतो, आणि उडाला की वस्तू बिघडते. पोपडा पापुद्र्यासारखा सुटतो, त्याला धार नसते. छिलका हा शब्द आपल्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत ‘छिलका हत्यारे’ म्हणून रुळला आहे, पण मला त्यात फळाची साल दिसते. साल फेकायची असते. दगडाच्या कामात तर पुष्कळदा सुटलेला तुकडाच हवा असतो.

कपची मात्र दगडाचीच. पातळ, एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने धारदार, बोट कापेल अशी. आमच्या वाड्याच्या जोत्याचं काम चालू असताना पाथरवट मामा आम्हा पोरांना ओरडायचे, “लांब व्हा, कपची डोळ्यात जाईल.” ते घाव घालण्याआधी दगड वाजवून बघायचे. खणखणीत वाजला तर घ्यायचे, बद्द वाजला तर बाजूला टाकायचे. तो बद्द आवाज म्हणजे आत भेग. तुमच्या चर्टलाही हेच लागू असणार.

तेव्हा ‘कपच्या काढणं’ला माझं मत. ‘काढणं’ हे क्रियापदही नेमकं आहे. आपण काटा काढतो, साय काढतो, धार काढतो. जे आत आहे ते शाबूत ठेवून बाहेर आणायचं असतं तिथेच ‘काढणं’ येतं.

प्रतिसाद

‘काढणं’चं हे पटलं. उरलेल्या दगडाला ‘गाभा’ म्हणतात आणि तो शब्द चांगला आहे, पण एक अडचण राहते. ऐकणाऱ्याला वाटतं गाभा म्हणजे महत्त्वाचा भाग. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने जे उत्खनन केलं, त्यात इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली कॅल्सिडनीची लांब पाती मिळाली आहेत. तिथे पातं हे खरं उत्पादन. आधी गाभ्यावर दोन्ही बाजूंनी कपच्या काढून एक उभा कंगोरा तयार करायचे, तो कंगोरा घावाला वाट दाखवायचा आणि त्याच्या रेषेत पहिलं लांब पातं सुटायचं. मग एकामागून एक पाती. शेवटी गाभा टाकून द्यायचा. तरीही ‘गाभा’च ठेवावा, फक्त शिकवताना हे सांगावं.

दाब देऊन बारीक कपच्या काढतात त्याला काय म्हणता? मी शेवटच्या आकाराचं काम तांब्याचं टोक बसवलेल्या मुठीने करतो. टोक धारेवर टेकवायचं, आधी आत रेटायचं आणि मग खाली दाबायचं. नखाएवढी कपची टचकन सुटते. मी मनात ‘खुडणं’ म्हणतो. मेथी खुडताना चिमटीत जो जोर येतो तसाच असतो तो, फक्त शंभरपट.

प्रतिसाद

खुडणं! हा शब्द मी उद्यापासून वापरणार.

खंबातच्या अकीक कारागिरांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. गुजरातेत राजपिपळ्याकडच्या रतनपूरचा अकीक खंबातला येतो, तिथे तो भाजतात आणि मग मणी घडवतात. भाजल्याने रंग खुलतो आणि दगड घडवायला सोपाही होतो. घडवण्याची रीत तुमच्यापेक्षा उलटी आहे. जमिनीत टोकदार लोखंडी सळई तिरपी रोवलेली असते, मण्याची कड त्या टोकाला टेकवतात आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकी टिचकी मारतात. घाव बसतो एकीकडे, कपची सुटते सळईच्या बाजूला. तुमच्याकडे हरणाचं शिंग, त्यांच्याकडे म्हशीचं, कारण एकच: शिंग जरासं दबतं, घाव पसरून देतं आणि कपची पातळ, लांब निघते.

तिथल्या कारागिरांना सिलिकॉसिस होतो, हेही याच धाग्यात असायला हवं. अकीकाची धूळ फुप्फुसात जाते ती परत येत नाही. तुम्ही धार घासता तेव्हा नेमकी तीच धूळ उडते. उघड्यावर बसा, चांगला मास्क लावा, चष्म्याशिवाय एकही घाव घालू नका, आणि खालच्या कपच्या ताडपत्रीवर गोळा करा.

प्रतिसाद

एक छोटी भर. मराठी विश्वकोशात खनिजांच्या नोंदींमध्ये ‘भंजन शंखाभ’ असं येतं. कपची सुटलेल्या जागी ज्या लाटा दिसतात, त्यासाठीचा हा शब्द. शंखापेक्षा शिंपल्याच्या आतल्या बाजूशी त्याचं साम्य जास्त आहे. शिकवताना मी ‘शिंपली फूट’ म्हणतो, समोरच्याला लगेच दिसतं. घाव जिथे बसला त्याच्या लगेच खाली कपचीवर जो उंचवटा येतो त्याला ‘फुगवटा’. दगड नदीत आपोआप फुटला की माणसाने कपची काढली, हे ओळखताना आधी हा फुगवटा शोधतात.

प्रतिसाद

बाणाच्या टोकाला शब्द विचारलात. बोलीत ‘फाळ’ आहे. नांगराचा फाळ तसा भाल्याचा फाळ, बाणाचा फाळ. संस्कृतात बाणाच्या पात्याला ‘फल’ म्हणतात आणि धनुर्वेदात आकारांवरून त्याची नावं आहेत: क्षुरप्र, अर्धचंद्र, सूचीमुख, वत्सदंत, काकतुंड. वस्तऱ्यासारखं, अर्ध्या चंद्रासारखं, सुईच्या तोंडाचं, वासराच्या दातासारखं, कावळ्याच्या चोचीसारखं. ही नावं लोखंडी फाळांची, पण तुमच्या दगडी फाळांना आकारावरून नाव देताना हीच रीत चालवा.

आणि ‘शल्य’ विसरू नका. शल्य म्हणजे शरीरात रुतलेलं बाणाचं टोक. ते काढणारी ती शल्यक्रिया. त्याच शल्याचा मराठीत ‘सल’ झाला. मनात सल राहतो म्हणतो, तेव्हा तिथे खरोखर एक तुटलेलं टोक रुतून बसलेलं असतं. माझी आई हा शब्द फार वापरायची. त्याचा हा अर्थ कळला तेव्हा ती नव्हती, नाहीतर आधी तिलाच सांगितलं असतं.

प्रतिसाद

दगड मिळत नसेल तर जाड बाटलीचं बूड घ्या, काच अगदी चर्टसारखी सुटते. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतला शेवटचा माणूस १९११मध्ये ओरोव्हिलला एकटाच बाहेर आला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहत असताना तो बाटलीच्या काचेचे इतके रेखीव फाळ करायचा की आजही शिकणारे ते समोर ठेवतात. स्वतःचं नाव त्याने कुणाला सांगितलं नाही, त्याच्या लोकांत तशी रीत नव्हती. अभ्यासक क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटलं. त्याच्या लोकांच्या याना भाषेत या शब्दाचा अर्थ ‘माणूस’. १९१६ साली क्षयाने गेला.

एक विनंती आहे. आपल्याकडे नदीकाठी बसून सराव केलात तर कपच्या तिथे टाकून येऊ नका. उद्या त्या कुणाला जुन्या वाटतील. आपण केलेल्या फाळावर हिरकणीच्या लेखणीने वर्ष कोरा. आणि शेतात जुनी हत्यारं दिसली तर ती कच्चा माल म्हणून उचलू नका. एक घाव घातला की ते कायमचं गेलं.

प्रतिसाद (मूळ लेखिका)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. ते शिरूरचे, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीचे. इनामगाव त्याच नदीवर खाली आहे. मला वाटलं होतं ऐकून ‘बरं’ म्हणतील. त्यांनी मला थांबवून विचारलं, “घाव घातल्यावर कपची अर्ध्यात थांबली तर काय म्हणता?” इथे त्याचे दोन प्रकार मानतात. एकात ती वाटेत काटकोनात तुटते आणि मागे पायरी राहते. दुसऱ्यात टोकाशी गोल वळून बाहेर पडते. दोन्ही वाईट, कारण पुढची प्रत्येक कपची त्याच जागी अडकते. मी पहिल्याला ‘पायरी पडली’ म्हणत होते, दुसऱ्याला शब्द नव्हता. बाबा म्हणाले, “मुडपली म्हण. कापडाची कड मुडपते तशी.”

आज सकाळी शेडखाली पाच कपच्या काढल्या. त्यांतल्या दोन मुडपल्या, तीन आरपार गेल्या. मग दुपारभर खुडत बसले आणि फाळ तयार झाला. बुडाशी दोन खाचा पाडताना डावा कान तुटला. कढईला असतो तसा कान, हा शब्दही बाबांचाच. त्यांना फोटो पाठवला आहे. त्यांनी उलट विचारलं आहे की खाच आधी कुठल्या बाजूने सुरू केलीस.