वंगण, तेल की ग्रीस? जुन्या ऑटोमॅटिक घड्याळाच्या निमित्ताने

घड्याळवेडा:
सिको ५ उघडलंय. आतलं मशीन ७००९, १७ खड्यांचं (चाकांच्या आसांची टोकं ज्यांत फिरतात ते खडे). सगळं सुटं करून, धुऊन झालंय. जोडता जोडता मराठीत टिपण लिहितोय आणि सगळीकडे 'वंगण घातले' असं लिहीत सुटलोय. बायको म्हणते, वंगण बैलगाडीच्या आसाला घालतात, मनगटी घड्याळाला कसलं वंगण? दुकानात तर 'क्लिनिंग-ऑइलिंग' एवढंच म्हणतात. काय लिहावं?

आडगावकर:
वहिनींचं बरोबर आहे. वंगण म्हणजे काळं, चिकट, धोतराला लागलं की जन्मभर न निघणारं. पाठ्यपुस्तकात असेल बापडं, पण शिलाई मशीनलासुद्धा कुणी वंगण घालत नाही, तेल देतात.

जुनं गिऱ्हाईक:
नाम सोडा, क्रियापद बघा. तेल सोडतात, ग्रीस लावतात, वंगण घालतात. घड्याळात घालण्याजोगं काही नाहीच. बॅलन्सच्या (मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाच्या) नि एस्केप व्हीलच्या (गती टप्प्याटप्प्याने सोडणाऱ्या दातेरी चाकाच्या) खड्यांत मोबियस कंपनीच्या ९०१०सारखं पातळ तेल, तेही ऑइलरच्या, म्हणजे सुईसारख्या काडीच्या, टोकाने टेकवायचं. खड्याची वाटी अर्धी, फार तर दोन तृतीयांश भरावी. काठोकाठ भरली की तेल प्लेटवर ओढलं जातं आणि पिव्हट, म्हणजे आसाचं बारीक टोक, कोरडा पडतो. सावकाश फिरणाऱ्या चाकांना दाट तेल. पॅलेट फोर्कचे (बॅलन्स आणि एस्केप व्हील यांच्यामधल्या काट्याचे) पिव्हट मात्र कोरडेच ठेवायचे. 'सर्व भागांना वंगण घातले' असं वाचून नवशिक्या नेमका तिथे थेंब सोडणार!

आणि बॅरलच्या, म्हणजे घड्याळ चालवणारी कमान (गुंडाळलेली स्प्रिंग) ज्या डबीत असते तिच्या, भिंतीला जे लावतात त्याला काय म्हणाल? ऑटोमॅटिकच्या कमानीचं बाहेरचं टोक पक्कं अडकवलेलं नसतं. कमान पुरती भरली की ते भिंतीवरून घसरतं, म्हणून दिवसभर हात हलला तरी ती तुटत नाही. तिथे लागतं ब्रेकिंग ग्रीस, मोबियस ८२१७सारखं, भिंतीवर चार-पाच ठिपके. त्याचं काम कमान वेळेआधी घसरू न देण्याचं. साधं ग्रीस लावलं तर कमान अर्धवट भरूनच घसरते आणि रात्री काढून ठेवलेलं घड्याळ पहाटे बंद. उलट, घसरलीच नाही तर बॅलन्सचा झोका नको इतका वाढतो आणि घड्याळ पुढे पळतं. कोशवाले याला 'रोधक वंगण' म्हणतील. म्हणोत.

आडगावकर:
'पकडीचं ग्रीस' म्हणा की. ऐकल्याबरोबर काम कळतं.

घड्याळवेडा:
घेतला शब्द. 'वंगण' फक्त मथळ्यात ठेवतो, आत तेल आणि ग्रीस. शेवटी 'किल्ली देऊन तपासा' असं लिहिलंय, ते चालेल ना?

जुनं गिऱ्हाईक:
७००९ला किल्ली देताच येत नाही. मूठ फिरवून कमान भरत नाही, रोटरच (हात हलला की आत फिरणारं वजन) फिरावा लागतो. 'घड्याळ हलवून कमान भरा' असं लिहा.